गरोदरपणातलं बीपी : आकडा कळला, पुढे काय?

मे २०२२ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र छापून आले आणि प्रसूतिशास्त्रातल्या बऱ्याच जणांचा हिरमोड झाला. 'बंप-१' आणि 'बंप-२' अशी या चाचण्यांची नावं. पहिल्या चाचणीत रक्तदाब वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असलेल्या २,४४१ गरोदर स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्या जणींना घरी बीपी मोजायला मशीन दिलं, आकडे नोंदवायला ॲप दिलं आणि आठवड्यातून किमान तीन दिवस मोजायला सांगितलं. बाकीच्यांची नेहमीप्रमाणे दवाखान्यातच तपासणी झाली. बीपी वाढल्याची नोंद दवाखान्यात व्हायला घरी मोजणाऱ्यांच्या गटात सरासरी १०४ दिवस लागले, दुसऱ्या गटात १०६. दोन दिवसांच्या या फरकाला संख्याशास्त्राच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता. दुसऱ्या चाचणीत आधीपासूनच बीपी असलेल्या ८५० जणी होत्या. तिथेही दोन्ही गटांच्या बीपीत फरक दिसला नाही.

ऑक्सफर्डचे रिचर्ड मॅकमॅनस, कॅथरीन टकर आणि लंडनच्या लूसी चॅपेल ही या कामामागची माणसं घरी बीपी मोजण्याच्या विरोधातली नव्हेत. उलट त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट करणारी होती. म्हणूनच या निकालाला वजन आहे. औषधाच्या दुकानात मिळणारं मशीन घरी आणलं की आई आणि बाळ जास्त सुरक्षित झाले, असा सरळ हिशोब या प्रकरणात नाही. पण म्हणून घरचं मशीन निरुपयोगी आहे, असंही या चाचण्या सांगत नाहीत. ते कुणासाठी, कोणत्या आठवड्यात आणि आकडा वाढलेला दिसल्यावर पुढे कोण काय करणार, यावर सगळं अवलंबून आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं इंग्लंडमध्ये एक आहेत आणि चंद्रपुरात किंवा पालघरमध्ये वेगळी आहेत.

मुळात गरोदर बाईचं बीपी पाहायचं, ही कल्पनाच फार जुनी नाही. इटलीतल्या सिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या उंचीवर दाब मोजण्याचं साधन १८९६ मध्ये पुढे आणलं. दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हाके आणि नोबेकूर यांनी एक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या आसपास येणारे आकडीचे झटके येणाऱ्या स्त्रियांचा रक्तदाब चढलेला असतो, हे नोंदवलं. त्याआधी, १८४३ मध्ये, लंडनमध्ये जॉन लिव्हर यांना अशा स्त्रियांच्या लघवीत प्रथिनं सापडली होती. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कॉफ यांनी पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप टेकवून आवाज ऐकायची पद्धत सांगितली. वरचं बीपी आणि खालचं बीपी असे दोन आकडे मिळू लागले ते तेव्हापासून.

गरोदर स्त्रीने ठरावीक आठवड्यांनी दवाखान्यात यावं, हे वेळापत्रक ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ मध्ये आखून दिलं. सोळावा आठवडा, मग चोविसावा, अठ्ठाविसावा, पुढे दर पंधरवड्याला आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर दर आठवड्याला. शेवटी शेवटी फेऱ्या इतक्या दाट ठेवण्याचं मोठं कारण हेच, की प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी चढून पुढे एक्लॅम्प्सियाच्या झटक्यांपर्यंत जाऊ शकणारा आजार, बहुतेक वेळा उत्तरार्धात उपटतो आणि पाहता पाहता वाढतो. जगभरातल्या प्रसूतिपूर्व तपासणीवर आजही या वेळापत्रकाची छाप आहे. मधल्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांसाठी चारच भेटींचा सुटसुटीत नमुना सुचवला. पण कमी भेटींमुळे बाळांचे मृत्यू वाढत असल्याचं आकडेवारीच्या फेरतपासणीत दिसलं आणि २०१६ मध्ये संघटनेने किमान आठ भेटींची शिफारस केली. भारतात चार किंवा त्याहून जास्त तपासण्या झालेल्या मातांचं प्रमाण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ५८ टक्के होतं. आठ भेटी अजून फार लांब आहेत.

आकड्यांच्या मर्यादा सर्वांना ठाऊक असाव्यात इतक्या सोप्या आहेत. वरचं १४० किंवा खालचं ९०, निदान चार तासांच्या अंतराने दोनदा आलं, तर बीपी वाढलंय असं म्हणायचं. १६० किंवा ११० आलं तर ती आणीबाणी. चार तास थांबायचं नाही, पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचं आणि तासाभराच्या आत औषध सुरू करायचं. वरच्या आकड्याकडे पूर्वी दुर्लक्ष होत असे, सगळी भिस्त खालच्या आकड्यावर. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची गोपनीय चौकशी करणाऱ्या समितीने २००३ ते २००५ या काळातली प्रकरणं तपासली, तेव्हा मेंदूत रक्तस्राव होऊन दगावलेल्या मातांच्या बाबतीत वरचं बीपी वेळेवर उतरवलं गेलं नव्हतं, असं दिसलं. तेव्हापासून १६० हा आकडा गंभीरपणे घेतला जातो.

आता हे आकडे प्रत्यक्षात येतात कसे, ते पाहायला हवं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची तपासणी असते. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. बाई दोन वाहनं बदलून आलेली असते, तासभर रांगेत उभी असते. नंबर लागला की स्टुलावर बसते. पाठीला टेकू नाही, हात मांडीवर किंवा लोंबकळत. ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवून तिच्याखाली पट्टा गुंडाळला जातो आणि ती गुंडाळलेली बाही दंडाला आवळत राहते. पट्टा फुगत असतानाच सिस्टर विचारतात, गोळ्या घेतेस का, बाळ फिरतंय का, आणि ती उत्तर देते. यातली प्रत्येक गोष्ट आकडा बिघडवते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२४ मध्ये फक्त हात कुठे ठेवला होता एवढ्याच मुद्द्यावर चाचणी केली. टेबलावर हृदयाच्या पातळीत हात ठेवण्याच्या तुलनेत मांडीवर हात असेल तर वरचं बीपी सुमारे चारने जास्त येतं आणि हात खाली लोंबकळत असेल तर साडेसहाने.

हे चढत्या बाजूचं झालं. भारतातल्या गरीब स्त्रियांच्या बाबतीत खरी काळजी उतरत्या बाजूची आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बाजारातल्या बहुतेक मशीनबरोबर मिळणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड जाड असेल तर हा पट्टा आकडा फुगवतो आणि दंड बारीक असेल तर आकडा कमी दाखवतो. जॉन्स हॉपकिन्सनेच २०२३ मध्ये केलेल्या दुसऱ्या चाचणीत, लहान पट्टा लागणाऱ्या प्रौढांना नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा वरचं बीपी सरासरी साडेतीनने कमी आलं. साडेतीन म्हणजे फार नव्हे, असं वाटेल. पण १४२ चे १३८ व्हायला तेवढे पुरतात, आणि १३८ म्हटलं की बाई घरी जाते. ज्या जिल्ह्यांत कुपोषित गरोदर स्त्रिया शोधायला दंडाचा घेर मोजतात, त्याच जिल्ह्यांत त्याच दंडाला जुळेल असा लहान पट्टा उपकेंद्रात नसतो. ही उणीव भरून काढायला फार मोठा खर्च लागत नाही. लहान, मध्यम, मोठा असे तीन पट्टे प्रत्येक उपकेंद्रात असलेच पाहिजेत.

शिवाय हाताने मोजणाऱ्याची म्हणून एक सवय असते. कानावर पडलेला आवाज १३६ ला सुरू झाला तरी कार्डावर १३० किंवा १४० लिहिलं जातं, शून्यावर येऊन थांबायची ओढ सगळ्या देशांत दिसते. माता व बाल संरक्षण कार्ड उघडून पाहावं. ओळीने ११०/७०, १२०/८०, ११०/७० अशा नोंदी दिसल्या की त्यातल्या किती खरोखर मोजलेल्या आणि किती अंदाजाने भरलेल्या, असा प्रश्न पडतो. त्यात आवाज मंद होतो तेव्हाचा आकडा खालचं बीपी मानायचा की आवाज पूर्ण थांबतो तेव्हाचा, यावर गरोदरपणाच्या बाबतीत अनेक दशकं वाद होता. सिडनीचे मार्क ब्राऊन आणि लंडनचे अँड्र्यू शेनन यांच्या गटांनी नव्वदच्या दशकात तो निकालात काढला. आवाज थांबतो तोच आकडा धरायचा, कारण दोन माणसांनी मोजला तरी तो जवळपास जुळतो.

पाऱ्याचं मशीन आता जाणार आहे. पाऱ्याच्या विषबाधेवरून झालेल्या मिनामाता करारानुसार २०२० नंतर अशा उपकरणांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची होती. त्यांची जागा आपोआप चालणाऱ्या मशीननी घेतली. बटण दाबलं की आकडा येतो, शून्याची सवय नाही, कानाची गरज नाही. पण इथे गरोदरपणापुरती एक मोठी मेख आहे. ही मशीन आवाज ऐकत नाहीत. पट्ट्यात उमटणारी धमनीची थरथर टिपतात आणि तिच्यावरून कंपनीने बसवलेल्या सूत्राने वरचा-खालचा आकडा काढतात. प्री-एक्लॅम्प्सियात धमन्यांचा ताठरपणा बदलतो, ऊतींमध्ये पाणी साठतं आणि थरथरीचं स्वरूपच पालटतं. त्यामुळे इतर सर्वांसाठी बिनचूक असलेलं मशीन नेमकं या आजारात आकडा कमी दाखवू शकतं. जिथे चूक सगळ्यात महाग पडते, तिथेच ती होते.

म्हणून अशा मशीनची गरोदर स्त्रियांवर, आणि त्यातही प्री-एक्लॅम्प्सिया असलेल्यांवर, वेगळी पडताळणी व्हावी लागते. ती झालेली मशीन मोजकीच आहेत. 'स्ट्राइड बीपी' ही आंतरराष्ट्रीय संस्था पडताळणी झालेल्या मशीनची यादी ठेवते आणि तीत गरोदरपणासाठी स्वतंत्र विभाग आहे. मशीन घेण्याआधी तो पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ऑस्ट्रेलियात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मशीनचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दंडावर बांधायच्या मशीनपैकी पाचात एकाचीही धड पडताळणी झालेली नव्हती, आणि तीही सर्वसाधारण प्रौढांवरची. मनगटावर बांधायची मशीन त्याहून वाईट. बीपी दाखवणाऱ्या हातातल्या घड्याळावर गरोदरपणात विसंबू नये.

दवाखान्यातला आकडा असा डळमळीत म्हटल्यावर घरचा आकडा बरा, हे ओघाने आलंच. याला आधारही आहे. पांढरा कोट पाहून चढणारं बीपी गरोदरपणातही असतं. मार्क ब्राऊन यांच्या गटाने गरोदरपणाच्या सुरुवातीला बीपीचं निदान झालेल्या २४१ स्त्रियांचं बीपी चोवीस तास मोजून पाहिलं, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश जणींचं बीपी दवाखान्याबाहेर नीट होतं. या गटात पुढे प्री-एक्लॅम्प्सिया झाला तो शंभरात आठ जणींना. खरोखर बीपी असलेल्यांत हे प्रमाण बावीसच्या आसपास होतं. म्हणजे पांढऱ्या कोटाचं बीपी अगदीच निरुपद्रवी नसतं, पण त्यासाठी घाईघाईने दाखल करून घ्यायचीही गरज नसते. घरी मोजलेले आकडे इथे बाईला विनाकारण गोळ्या आणि मुक्काम यांपासून वाचवतात. मात्र घरच्या आकड्याला मर्यादा थोडी खाली धरावी लागते. दवाखान्यातल्या १४०/९० च्या जागी घरी १३५/८५.

लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात आस्मा खलील यांच्या गटाने बीपी असलेल्या गरोदर स्त्रियांना घरी मोजायला मशीन आणि ॲप दिलं, तेव्हा त्यांच्या रुग्णालयातल्या फेऱ्या कमी झाल्या आणि आई-बाळाला होणारा त्रास वाढला नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्येही अशाच व्यवस्थेमुळे भरतीचं प्रमाण घटलं. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, इंग्लंडमध्ये हीच वाट अनेक रुग्णालयांना धरावी लागली. 'बंप'चा निकाल या पार्श्वभूमीवर वाचला की तो उलगडतो. इंग्लंडमध्ये पहिलटकरणीच्या साधारण दहा तपासण्या ठरलेल्या असतात, धोका असेल तर त्याहून जास्त. तिथे बीपी दवाखान्यातच वेळेवर सापडतं. घरच्या मशीनला शोधायला फारसं काही उरत नाही. तिथे ते फेऱ्या वाचवतं, आणि एवढं केलं तरी पुष्कळ.

जिथे तपासण्याच कमी होतात, तिथलं काय? याचं उत्तर शोधायचा सगळ्यात मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर झाला. बेळगावातल्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने 'क्लिप' नावाच्या चाचणीचा भारतातला भाग बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत चालवला. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये आणि मोझांबिकमध्येही ती झाली. आशाताई आणि उपकेंद्रातल्या परिचारिका (एएनएम) घरी जायच्या, बीपी मोजायच्या, मोबाइलमधल्या ॲपमध्ये लक्षणं आणि आकडे भरायच्या. ॲप धोका किती ते सांगायचं आणि गरज असेल तर बीपीची गोळी किंवा झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देऊन बाईला दवाखान्यात पाठवायचं, अशी योजना. तिन्ही देश मिळून हजारो गरोदर स्त्रिया यात होत्या. २०२० मध्ये 'लॅन्सेट'ने निकाल छापला. आई आणि बाळाचे मृत्यू व गंभीर आजार यांत एकूण घट दिसली नाही.

पण त्याच निकालात एक बारीक धागा होता. ज्या स्त्रियांना आशाताई आठ किंवा त्याहून जास्त वेळा भेटल्या, त्यांच्यात मृत बाळं जन्मण्याचं प्रमाण कमी होतं. हे निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. ज्यांच्याकडे वारंवार जाता येतं, त्या घरांची परिस्थिती मुळातच बरी असू शकते. तरीही दोन-तीनदा बीपी पाहून समाधान मानण्याच्या आपल्या रिवाजाला हा इशाराच आहे.

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकने आणखी एका चाचणीत भाग घेतला. शेनन यांच्या गटाने गरीब देशांसाठी 'क्रेडल' नावाचं मशीन बनवून घेतलं. पट्टा हाताने पंप करून फुगवायचा, म्हणजे बॅटरी फार कमी लागते आणि ती मोबाइलच्या चार्जरवर भरता येते. आकड्याबरोबर हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लागतो. १४०/९० च्या वर पिवळा, १६०/११० च्या वर लाल. याच मशीनची प्री-एक्लॅम्प्सियातही पडताळणी झाली होती. रक्तस्रावाने बाई शॉकमध्ये जात असेल तर नाडी आणि बीपी यांच्या प्रमाणावरूनही ते सावध करतं. आफ्रिका, भारत आणि हैती मिळून दहा ठिकाणी, पाच लाखांहून जास्त बाळंतपणांवर ते वापरून पाहिलं. चाचणीच्या काळात मातांचे मृत्यू आणि एक्लॅम्प्सियासारख्या गंभीर घटनांचं एकत्रित प्रमाण काहीसं उतरलं, पण त्याचं श्रेय मशीनला देता येईल इतका ठोस पुरावा हाती आला नाही.

या साऱ्या निष्फळ वाटणाऱ्या चाचण्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. लाल दिवा लागल्यावर गाडी नसेल, गाडी मिळाली तर तालुक्याला डॉक्टर नसतील, डॉक्टर असले तर औषध नसेल, तर दिव्याने काय होणार? मोजणीच्या पुढचा टप्पा कच्चा असेल तर मोजणी पक्की करूनही जीव वाचत नाहीत.

पुढच्या टप्प्यासाठी काय लागतं, याचं सगळ्यात उपयोगी उत्तर नागपुरातून आलं आणि महाराष्ट्रात त्याची फारशी चर्चा झाली नाही, ही खंत वाटावी अशी बाब आहे. २०१५ ते २०१७ या काळात तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत, बीपी १६०/११० च्या वर गेलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांवर एक चाचणी झाली. श्रीमंत देशांत अशा वेळी शिरेतून औषध देतात. त्यासाठी सलाइन, पंप, सतत लक्ष ठेवणारी नर्स लागते. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्यांनी भागेल का? निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा या तिन्ही गोळ्या स्वस्त, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या. सहा तासांत बीपी आटोक्यात आणण्यात निफेडिपिनला ८४ टक्के स्त्रियांत यश आलं, लॅबेटॅलॉलला ७७ आणि मिथिलडोपाला ७६ टक्के. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा निष्कर्ष आला आणि साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही गंभीर बीपीवर उपचार सुरू करून मग बाईला पुढे पाठवता येईल, हे जगाला समजलं. झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट तर त्याआधीच सिद्ध झालं होतं. २००२ च्या 'मॅगपाय' चाचणीत दहा हजारांहून जास्त स्त्रियांमध्ये या इंजेक्शनाने एक्लॅम्प्सियाचा धोका निम्म्याहून खाली आला. मशीन आहे, गोळी आहे, इंजेक्शन आहे. तिन्ही एका छपराखाली आणि एका तासाच्या आत मिळणं हेच काय ते बाकी आहे.

आणि आता त्या आठवड्याकडे, ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. बाळंतपण झालं की बीपीची कटकट संपली, असं घरातल्यांनाच नव्हे, कित्येक दवाखान्यांनाही वाटतं. प्रत्यक्षात गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी बाळंतपणानंतर पुन्हा रक्तात उतरतं आणि बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात वर चढतं. गरोदरपणभर बीपी नीट असलेल्या बाईलाही या दिवसांत झटका येऊ शकतो. ऑक्सफर्डच्या डग्लस आणि रेडमन यांनी १९९२ या एका वर्षात ब्रिटनभरातली एक्लॅम्प्सियाची ३८३ प्रकरणं गोळा केली. त्यातल्या ४४ टक्के स्त्रियांना पहिला झटका बाळंतपणानंतर आला होता.

महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, हे राज्याचं मोठं यश आहे. पण नॉर्मल बाळंतपणानंतर दवाखान्यातला मुक्काम दोन दिवसांचा, कधी त्याहूनही कमी. बीपी चढायच्या ऐन दिवशी बाई घरी, बहुधा माहेरी असते. तपासणी झाली सासरच्या गावच्या उपकेंद्रात, बाळंतपण तालुक्याला आणि आता मुक्काम तिसऱ्याच गावात. तिने डोकं दुखतंय म्हणावं तर जाग्रण झालंय म्हणतात, डोळ्यांपुढे काजवे आले तर अशक्तपणा म्हणतात, छातीखाली दुखलं तर पित्त. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, तेल-मालीश सगळं प्रेमाने होतं, दंडाला पट्टा मात्र कुणी बांधत नाही.

इथे घरच्या मोजणीची बाजू सगळ्यात भक्कम आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयाने बीपी असलेल्या बाळंतिणींना घरी जाताना मशीन दिलं आणि मोबाइलवर संदेश पाठवून आकडे मागवले. पहिल्या दहा दिवसांत ९२ टक्के जणींच्या बीपीची नोंद मिळाली. दवाखान्यात या म्हटलेल्या गटात ती ४४ टक्के होती. ऑक्सफर्डमध्ये २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉप-एचटी' चाचणीत २२० बाळंतिणींपैकी निम्म्यांनी घरी बीपी मोजलं आणि डॉक्टरांनी त्यावरून गोळ्या कमी-जास्त केल्या. आठ-नऊ महिन्यांनी, औषधं बंद झाल्यावरही, त्यांचं खालचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा साडेपाचने कमी होतं. गरोदरपणात बीपी झालेल्या स्त्रियांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, म्हणून या फरकाचं मोल मोठं आहे.

महाराष्ट्राकडे यासाठी लागणारी यंत्रणा तयार आहे, आणि ती महाराष्ट्रातच जन्मली. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि २०११ पासून त्याच धर्तीवर देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. कोणत्या दिवशी? तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. पहिल्या दोन भेटी बीपी चढण्याच्या काळातच पडतात. आशाताई बाळाचं वजन करते, तापमान पाहते. आईला ताप आहे का, ती असंबद्ध बोलते का, तिला झटके आलेत का, हेही विचारते. झटके आले का हे विचारायला जी घरात पोहोचते, तिच्या पिशवीत झटक्याआधी धोका दाखवणारं मशीन असायला हवं. बेळगावात आशाताईंनी हे काम करून दाखवलं आहे. अर्थात त्यासाठी मानधन वाढवावं लागेल, आधीच ओझ्याने वाकलेल्या आशाताईवर आणखी एक रजिस्टर लादून चालणार नाही.

ज्यांच्या घरी मशीन आहे, त्यांनी पद्धत तेवढी नीट पाळावी. मशीन दंडाचं घ्यावं, गरोदरपणासाठी पडताळलेलं घ्यावं आणि दंडाचा घेर फितीने मोजून पट्टा निवडावा. एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून पाहावं. लघवी करून यावं, पाठीला टेकू देऊन, पाय जमिनीवर टेकवून पाच मिनिटं शांत बसावं. बाही वर सरकवून आवळू नये, हात बाहीतून काढून घ्यावा किंवा सैल कपडे घालावेत. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत, आणि मोजताना बोलणं नाही, फोन नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहावेत, चांगला आलेला तेवढाच लिहायचा मोह टाळावा. पहिल्या तीन महिन्यांत एकदा तरी बीपी मोजून ठेवावं. मधल्या महिन्यांत ते थोडं उतरतं, आणि जुनं बीपी त्यात झाकून जाऊ शकतं.

१३५/८५ च्या वर आकडे वारंवार येऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. १६० किंवा ११० दिसलं तर पुन्हा एकदा मोजून थेट दवाखाना गाठावा, रात्र असली तरी. डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे चकाकत किंवा अंधारत असेल, बरगडीखाली उजवीकडे दुखत असेल, चेहरा अचानक सुजला असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर मशीनने कितीही चांगला आकडा दाखवला तरी घरी थांबू नये. ब्रिटनमधल्या त्याच ३८३ प्रकरणांपैकी ३८ टक्के स्त्रियांत झटका येण्याआधी वाढलेलं बीपी आणि लघवीतली प्रथिनं या दोन्हींची मिळून नोंद झालेली नव्हती.

घरात ओली बाळंतीण असेल, तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तिचं बीपी कुठून तरी मोजून घ्या. आशाताईकडे मशीन नसेल तर उपकेंद्रात न्या, शेजारच्या गावच्या डॉक्टरांना बोलवा. आणि ग्रामसभेत, पंचायत समितीत, आमदारांच्या दारात ही एक मागणी जरूर मांडा: आशाताईच्या पिशवीत पडताळलेलं बीपी मशीन आणि तीन मापांचे पट्टे, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात निफेडिपिन व मॅग्नेशियम सल्फेट, रात्रीसुद्धा.